रासायनिक नावं आणि सूत्रं: सगळा खेळ प्रभाराच्या हिशोबाचा

ॲल्युमिनिअम सल्फेटचं सूत्र वहीत बघितलं की बऱ्याच मुलांच्या पोटात गोळाच येतो. एएल२(एसओ४)३. तीन आकडे, एक कंस, कंसाच्या आतला चार वेगळा आणि बाहेरचा तीन वेगळा, आणि त्याच्याखाली अशीच अजून तीस-चाळीस सूत्रं एकाखाली एक उतरवलेली, उद्या पाठ करून या म्हणून सांगितलेलं. मी ओळखीतल्या मुलांना बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवतेय, दरवर्षी कुणीतरी अशी यादी घेऊन येतंच आणि दरवर्षी मला तितकंच वाईट वाटतं, कारण ही यादी पाठ करायची गरजच नाहीये. साधारण वीस-पंचवीस आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट, आणि त्यांचे प्रभार ओळखीचे झाले ना, की नेहमीची बहुतेक सूत्रं आपली आपल्याला मांडता येतात, अगदी आधी कधी न बघितलेली सुद्धा, आणि तेच मला इथे नीट, सावकाश सांगायचंय.

आधी लिहायच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट. चिन्हं मी आपण बोलतो तशीच लिहितेय, म्हणजे सोडिअमचं चिन्ह एनए, क्लोरीनचं सीएल. जिथे धन भाग संपून ऋण भाग सुरू होतो तिथे जरा जागा सोडलीय, वाचायला सोपं पडावं म्हणून. खरं सूत्र लिहिताना ही जागा नसते आणि आकडे चिन्हाच्या उजवीकडे खाली बारीक लिहितात.

आता नावं. आपल्याकडे मोरचूद, हिराकस, नवसागर, तुरटी अशी किती छान जुनी नावं आहेत, पण त्या नावांवरून आत काय आहे ते अजिबात कळत नाही. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट, दोघांत सल्फेट सारखंच, पण नावं ऐकून ही दोघं भावंडं आहेत असं कुणाला वाटेल? युरोपातही हीच गत होती. लेड ॲसिटेट चवीला गोड लागतं म्हणून त्याला शिशाची साखर म्हणायचे, आणि ते आहे चक्क विष. अँटिमनी ट्रायक्लोराइड मऊसर असतं म्हणून ते अँटिमनीचं लोणी. ज्याला जसं दिसलं तसं त्याने नाव ठेवलं, कुणी रंगावरून, कुणी चवीवरून, कुणी ते जिथे सापडलं त्या गावावरून. मग १७८७ मध्ये चार फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी, म्हणजे ग्वितों द मोर्वो, लव्हॉझिए, बर्तोले आणि फूरक्र्वा यांनी, मिळून एक पद्धत छापली, आणि तिचं सार एका ओळीत सांगायचं तर संयुग ज्या घटकांचं बनलंय ते घटक त्याच्या नावात दिसले पाहिजेत. आज आपण सोडिअम क्लोराइड म्हणतो, कॉपर सल्फेट म्हणतो, ते यांच्याच पद्धतीत वाढत वाढत आलेलं आहे. मला हे फार मोठं काम वाटतं, नवीन मूलद्रव्य शोधण्याइतकंच मोठं, कारण त्यानंतर नाव ऐकूनच आत काय असेल ते सांगता यायला लागलं.

चिन्हांची गोष्ट थोडी नंतरची. अणुसिद्धांत मांडणारा इंग्रज शास्त्रज्ञ डाल्टन अणूंसाठी गोल काढायचा, एखाद्या गोलात टिंब, एखाद्यात रेघ, एखादा पूर्ण काळा. बघायला सुंदर, पण छापखान्याला आणि विद्यार्थ्याला दोघांनाही जड. १८१३-१४ च्या सुमाराला स्वीडनच्या बर्झेलिअसने सुचवलं की सरळ लॅटिन नावाचं पहिलं अक्षर घ्या, गोंधळ होत असेल तर अजून एक अक्षर जोडा, आणि झालं. म्हणूनच सोडिअमचं चिन्ह एनए आहे, नॅट्रिअम या नावावरून. पोटॅशिअमचं के, कॅलिअमवरून. लोहाचं एफई म्हणजे फेरम, तांब्याचं सीयू म्हणजे क्युप्रम, चांदीचं एजी म्हणजे अर्जेंटम, शिशाचं पीबी म्हणजे प्लंबम, पाऱ्याचं एचजी म्हणजे हायड्रार्जिरम. मुलं विचारतात की पोटॅशिअममध्ये के कुठून आला, तेव्हा हे सांगितलं की ते चिन्ह परत विसरत नाहीत. बर्झेलिअस आकडे वरच्या बाजूला लिहायचा, खाली लिहायची पद्धत नंतर रुळली.

आणि पहिलं अक्षर मोठं, दुसरं असेल तर लहान, हा नियम फक्त टापटिपीसाठी नाहीये. मोठा सी आणि लहान ओ लिहिला तर तो कोबाल्ट हा धातू, दोन्ही अक्षरं मोठी लिहिली तर तो कार्बन मोनॉक्साइड, एक विषारी वायू. पेनाचा एक वळसा लहान-मोठा झाला की पदार्थच बदलला, म्हणून मी वहीतलं अक्षर याच बाबतीत अगदी कडक तपासते.

आता मुद्द्याचं. सोडिअमच्या अणूच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सहज निघून जातो, गेला की सोडिअमवर एक धन प्रभार उरतो. क्लोरीनला बाहेरची कक्षा पूर्ण व्हायला एक इलेक्ट्रॉन कमी असतो, तो मिळाला की त्याच्यावर एक ऋण प्रभार येतो. आता संयुग म्हणून जे तयार होतं त्याच्यावर एकंदर प्रभार शून्य असला पाहिजे, हीच ती एकमेव अट, बाकी सगळं हिच्यातूनच निघतं. एक अधिक, एक वजा, बेरीज शून्य, म्हणून एकास एक, एनए सीएल. कॅल्शिअम दोन इलेक्ट्रॉन देतो, त्याच्यावर अधिक दोन, क्लोरीन एकच घेणार, मग दोन क्लोरीन लागणार, म्हणून सीए सीएल२. पुस्तकात याला संयुजा म्हणतात, कॅल्शिअमची संयुजा दोन, क्लोरीनची एक, पण संयुजा हा शब्द ऐकून मुलं घाबरतात आणि देणंघेणं म्हटलं की लगेच कळतं, म्हणून मी आधी देणंघेणंच सांगते, शब्द नंतर येतो.

इथे एक गोष्ट बऱ्याचदा चुकीची डोक्यात बसते. एनए सीएल लिहिलं म्हणजे एक सोडिअम आणि एक क्लोरीन अशी जोडी हातात हात घालून फिरतेय असं नाही. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाच्या भोवती सहा क्लोराइड असतात आणि प्रत्येक क्लोराइडच्या भोवती सहा सोडिअम, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे, असं ते जाळं पसरत जातं. त्यात सुटा रेणू दाखवा म्हटलं तर दाखवता येणार नाही. सूत्र फक्त प्रमाण सांगतं, जितके सोडिअम तितकेच क्लोराइड. पाण्याचं एच२ओ मात्र खरोखरच्या सुट्या रेणूचं सूत्र आहे. दोन्ही लिहायची पद्धत सारखी दिसते पण अर्थात हा फरक आहे, आणि तो एकदा लक्षात आला की नावं ठेवायच्या दोन वेगळ्या पद्धती का आहेत तेही आपोआप कळतं, त्याकडे येतेच मी.

सूत्र पटकन मांडायची एक युक्ती सगळ्यांना शिकवतात, तिरकस गुणाकाराची. दोन चिन्हं शेजारी लिहायची, प्रत्येकाखाली त्याची संयुजा लिहायची आणि आकडे तिरके बदलायचे. ॲल्युमिनिअम तीन, ऑक्सिजन दोन, तिरके गेले की एएल२ ओ३. बरोबर आहे हे, पण का बरोबर आहे ते बघा: दोन ॲल्युमिनिअम गुणिले तीन म्हणजे अधिक सहा, तीन ऑक्सिजन गुणिले दोन म्हणजे वजा सहा, सहा वजा सहा शून्य. म्हणजे ही युक्ती म्हणजे गणितातला लसावि काढायचा शॉर्टकट आहे, दुसरं काही नाही. आणि हे माहीत नसलं की मग मॅग्नेशिअम ऑक्साइडला गाडी अडते. मॅग्नेशिअम दोन, ऑक्सिजन दोन, तिरके बदलले की एमजी२ ओ२, आणि मूल तिथेच थांबतं, कारण युक्तीने तर उत्तर दिलं ना. पण अधिक दोन आणि वजा दोन एकास एकमध्येच शून्य होतायत, म्हणून एमजी ओ. आकड्यांना सामाईक भाग जात असेल तर भागून टाकायचं.

मग हुशार मुलगी असेल तर ती लगेच विचारते, की हायड्रोजन पेरॉक्साइड एच२ओ२ का लिहितात, ते पण भागून एचओ का नाही? फार चांगला प्रश्न आहे हा. तिथे दोन ऑक्सिजन एकमेकांना प्रत्यक्ष जोडलेले असतात, ती जोडी मिळूनच एक गट, जोडी मिळून वजा दोन. जोडी फोडून हिशोब करता येत नाही. सोडिअम पेरॉक्साइडचंही तेच, एनए२ ओ२. पाऱ्याचं एक क्लोराइडही असंच, एचजी२ सीएल२, तिथे पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना धरून असतात. म्हणजे भागायचं ते कधी, तर आकडे नुसते प्रमाण दाखवत असतील तेव्हा, खरी जोडी दाखवत असतील तेव्हा नाही.

आता कंसाकडे या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. काही आयन एकाच अणूचे नसतात, दोन ते पाच अणूंची टोळी असते आणि ती टोळी मिळून एकच प्रभार घेऊन फिरते, यांना संयुक्त मूलकं म्हणतात. हायड्रॉक्साइड ओएच, वजा एक. नायट्रेट एनओ३, वजा एक. कार्बोनेट सीओ३, वजा दोन. सल्फेट एसओ४, वजा दोन. फॉस्फेट पीओ४, वजा तीन. आणि धन बाजूला नेहमी भेटणारं एकच, अमोनिअम एनएच४, अधिक एक. कॅल्शिअमला दोन हायड्रॉक्साइड लागतात, म्हणून सीए(ओएच)२. कंस काढून टाकला आणि सीएओएच२ लिहिलं तर दोन हा आकडा फक्त हायड्रोजनला लागू होतो, ऑक्सिजन एकच राहतो, म्हणजे अख्खा एक ऑक्सिजन हिशोबातून गायब. कंस म्हणजे आख्खी टोळी एका पिशवीत घातलीय आणि बाहेरचा आकडा अशा किती पिशव्या ते सांगतो. एकच पिशवी असेल तर कंस नको, म्हणून सोडिअम हायड्रॉक्साइड नुसतं एनए ओएच.

आता परत एएल२(एसओ४)३ कडे बघा. ॲल्युमिनिअम अधिक तीन, सल्फेट वजा दोन. सहावर जुळवायचं तर ॲल्युमिनिअम दोन आणि सल्फेट तीन. सल्फेट तीन म्हणून ते कंसात. अणू मोजायचे झाले तर ॲल्युमिनिअम २, सल्फर ३, ऑक्सिजन चार गुणिले तीन म्हणजे १२, एकूण १७. आतला चार ही सल्फेटची स्वतःची ओळख आहे, तो कधीच बदलत नाही, जोडीदार कुणीही असो. बाहेरचा तीन जोडीदारावर ठरतो. हे दोन आकडे दोन वेगळ्या कारणांनी तिथे आलेत एवढं कळलं की तो गोळा जातो पोटातला, मी हे होताना डोळ्यांनी बघितलंय, मुलगा पेन्सिल खाली ठेवतो आणि म्हणतो मग एवढंच आहे का.

नावाच्या शेपटीबद्दल आता जरा निवांत बोलू, कारण देवनागरीत लिहिणाऱ्यांना इथे जास्त जपायला लागतं. सल्फाइड आणि सल्फाइट. शेवटी ड आणि ट, एवढाच फरक, घाईत लिहिलं तर दिसतही नाही. पण सोडिअम सल्फाइड म्हणजे एनए२ एस, त्यात ऑक्सिजन नावालाही नाही, आणि सोडिअम सल्फाइट म्हणजे एनए२ एसओ३. पहिल्यावर आम्ल पडलं तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याच्या वासाचा आणि चांगलाच विषारी, दुसऱ्यावर पडलं तर सल्फर डायऑक्साइड, घशात जाणारा, ठसका आणणारा. दोन पूर्ण वेगळी रसायनं, एका अक्षराच्या अंतरावर.

शेपटीचा नियम असा आहे. आइड असेल तर बहुतेक वेळा तो एकट्या मूलद्रव्याचा ऋण आयन, क्लोराइड, ऑक्साइड, सल्फाइड, नायट्राइड. हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे दोघे अपवाद, ते टोळीवाले असून आइड लावतात. एट किंवा आइट असेल तर त्यात ऑक्सिजन आहे असं समजायचं, आणि त्याच मूलद्रव्याच्या दोघांपैकी एटमध्ये जास्त, आइटमध्ये एक कमी. नायट्रेट एनओ३, नायट्राइट एनओ२. सल्फेट एसओ४, सल्फाइट एसओ३. लक्ष द्या, ऑक्सिजन एकाने कमी झाला तरी प्रभार तोच राहिला, नायट्रेट-नायट्राइट दोन्ही वजा एक, सल्फेट-सल्फाइट दोन्ही वजा दोन. क्लोरीनकडे तर चार प्रकार आहेत, तेव्हा पुढे-मागे अजून उपसर्ग लावायला लागले: हायपोक्लोराइट सीएलओ, क्लोराइट सीएलओ२, क्लोरेट सीएलओ३, परक्लोरेट सीएलओ४. हायपो म्हणजे त्याहून खाली, पर म्हणजे त्याहून वर. सोडिअम हायपोक्लोराइट आपण कपड्यांच्या ब्लीचमध्ये बघतो आणि अमोनिअम परक्लोरेट घन इंधनाच्या रॉकेटमध्ये ऑक्सिजन पुरवायला वापरतात, शेपटी आणि उपसर्ग बदलला की कुठून कुठे.

पण एक गोष्ट मी लपवणार नाही. एट म्हटलं की ऑक्सिजन नक्की किती, हे नावातून कळत नाही. सल्फेटमध्ये चार, नायट्रेटमध्ये तीन, कार्बोनेटमध्ये तीन, फॉस्फेटमध्ये चार. हे मात्र लक्षात ठेवायलाच लागतं, आणि पाठ करायचं ते एवढंच, ही दहा-बारा मूलकं आणि त्यांचे प्रभार. पाठांतराची जी काही ताकद आहे ती इथे लावा, त्या चाळीस सूत्रांवर नको.

आता पाऱ्याची गोष्ट. पाऱ्याची दोन क्लोराइडं आहेत. एकात पाऱ्यामागे एक क्लोरीन, ते एचजी२ सीएल२, त्याचं जुनं नाव कॅलोमेल, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि कित्येक वर्षं लोकांना ते औषध म्हणून दिलं जायचं, पोट साफ करायला वगैरे. दुसऱ्यात पाऱ्यामागे दोन क्लोरीन, एचजी सीएल२, हे पाण्यात विरघळतं आणि एक-दोन ग्रॅमसुद्धा माणसाचा जीव घेऊ शकतं. कॅलोमेलही निर्धोक नव्हतंच, पाऱ्याचे दुष्परिणाम त्यातही होते, ते कळल्यावर वापर बंद झाला. पण विचार करा, बाटलीवर नुसतं पाऱ्याचं क्लोराइड लिहिलं असेल तर? म्हणून ज्या धातूंचा प्रभार एकापेक्षा जास्त प्रकारचा असू शकतो, त्यांच्या नावात तो प्रभार सांगावाच लागतो. प्रभार असा बदलता असण्याला चल संयुजा म्हणतात.

सांगायची जुनी पद्धत अस आणि इक वाली. कमी प्रभाराला अस, जास्त प्रभाराला इक. फेरस क्लोराइड एफई सीएल२, फेरिक क्लोराइड एफई सीएल३. क्युप्रस, क्युप्रिक. कथलाचे स्टॅनस, स्टॅनिक. कानाला छान वाटतं पण यात एक खोट आहे, अस म्हणजे कमी एवढंच कळतं, किती ते नाही. फेरस म्हणजे अधिक दोन, पण क्युप्रस म्हणजे अधिक एक. फेरिक अधिक तीन, क्युप्रिक अधिक दोन, स्टॅनिक अधिक चार. परत आलं पाठांतर. १९१९ मध्ये आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनतज्ज्ञाने म्हटलं की सरळ आकडाच लिहा ना, धातूच्या नावापुढे कंसात, रोमन अंकात. म्हणून आता आयर्न(२) क्लोराइड, आयर्न(३) क्लोराइड, मी इथे आपले आकडे वापरलेत, कागदावर रोमन लिहायचे. मला विचाराल तर शिकताना हीच पद्धत धरावी, फेरस-फेरिक फक्त ओळखता आलं की पुरे, कारण जुन्या बाटल्यांवर आणि औषधांच्या वेष्टनावर ते अजूनही भेटतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो याच आकड्याचा. तो कंसातला आकडा म्हणजे अणूंची संख्या नाहीये, तो प्रभार आहे. आयर्न(३) ऑक्साइड ऐकलं की मुलं एफई३ लिहून मोकळी होतात. खरं काय, लोह अधिक तीन, ऑक्सिजन वजा दोन, सहावर जुळवा, एफई२ ओ३. उलट दिशेने जायचं तरी तोच हिशोब, समोर सीयू२ ओ आहे, ऑक्सिजन वजा दोन, तो जुळवायला दोन तांबे मिळून अधिक दोन, म्हणजे एकेक अधिक एक, झालं कॉपर(१) ऑक्साइड. आणि एफई३ ओ४ दिसलं तर दचकू नका, मॅग्नेटाइट हे खनिज आहे ते, चार ऑक्सिजन म्हणजे वजा आठ, तीन लोहांत आठ समान वाटले जात नाहीत, कारण त्यातले दोन लोह अधिक तीनचे आणि एक अधिक दोनचा आहे, तीन आणि तीन आणि दोन, आठ. हिशोब तिथेही चुकत नाही, म्हणून मला तो इतका आवडतो.

मघाशी सुट्या रेणूंचं बोललो ना, तिथे आता येऊ. दोन्ही अधातू असतील तर देणंघेणं नसतं, इलेक्ट्रॉनांची भागीदारी असते, सहसंयुज बंध म्हणतात त्याला, आणि भागीदारी एकाच जोडीत कितीतरी प्रकारे होऊ शकते. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचंच बघा, एन२ओ, एनओ, एनओ२, एन२ओ४, एन२ओ५, सगळे खरोखर असतात. मग नुसतं नायट्रोजन ऑक्साइड म्हणून कसं चालेल? म्हणून इथे अणू मोजून सांगतात, मोनो एक, डाय दोन, ट्राय तीन, टेट्रा चार, पेंटा पाच, हेक्झा सहा. एन२ओ५ म्हणजे डायनायट्रोजन पेंटॉक्साइड. पहिल्या मूलद्रव्याचा एकच अणू असेल तर त्याला मोनो लावत नाहीत, म्हणून कार्बन डायऑक्साइड म्हणतो, मोनोकार्बन नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडमध्ये तो मोनो किती जिवावरचा आहे बघा, हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतो, बंद खोलीत माणूस झोपेतच जातो, आणि एक ऑक्सिजन वाढला की तोच आपण श्वासातून बाहेर टाकतो तो साधा कार्बन डायऑक्साइड.

हे मोजणीचे उपसर्ग आयनिक, म्हणजे देण्याघेण्यातून बनलेल्या, संयुगांना लावायचे नाहीत. कॅल्शिअम डायक्लोराइड म्हणायची गरज नाही, कॅल्शिअम नेहमी अधिक दोनच, दुसरा पर्यायच नाही, नुसतं कॅल्शिअम क्लोराइड म्हटलं की दोन क्लोरीन आलेच. पाणी आणि अमोनिया यांची मात्र जुनीच नावं ठेवलीत, तिथे उपसर्गाच्या भानगडीत कुणी पडत नाही.

आम्लांचं थोडक्यात सांगते कारण तेही यातूनच निघतं. ऋण आयनावर जेवढा वजा प्रभार तेवढे हायड्रोजन लावायचे. सल्फेट वजा दोन, एच२ एसओ४. फॉस्फेट वजा तीन, एच३ पीओ४. नाव ठेवताना आयन एटवाला असेल तर आम्ल इक, आइटवाला असेल तर अस, म्हणून सल्फेटपासून सल्फ्युरिक, सल्फाइटपासून सल्फ्युरस. आइडवाला असेल तर पुढे हायड्रो आणि मागे इक, हायड्रोक्लोरिक आम्ल. हे नाव पाण्यात विरघळलेल्याचं, नुसता वायू असेल तर तो हायड्रोजन क्लोराइड.

आता एक प्रयोग, जमला तर शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर बघाच. मोरचुदाचे निळेशार खडे परीक्षानळीत घ्यायचे आणि हळूहळू तापवायचे. आधी नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमायला लागतात, कोरडे खडे टाकले होते हां आपण, आणि मग निळा रंग कडेने फिका पडत पडत शेवटी पांढरी पूड उरते. गार झाल्यावर त्या पुडीवर दोन थेंब पाणी टाका, परत निळी होते आणि नळी बोटाला गरम लागते. ते पाणी खड्यात आधीपासूनच होतं, स्फटिकाचाच भाग म्हणून, ठरलेल्या प्रमाणात. सूत्रात ते मध्ये एक टिंब देऊन लिहितात, सीयू एसओ४·५एच२ओ, आणि नाव कॉपर(२) सल्फेट पेंटाहायड्रेट. हिराकसात अशीच सात पाण्याची, तुरटीत बारा. ते टिंब गुणाकाराचं नाही हे मात्र सांगून ठेवायला लागतं, गणितातून आलेली मुलं लगेच गुणायला बसतात.

कार्बनी संयुगांत गेलं की नुसतं सूत्र पुरत नाही. सी२एच६ओ हे सूत्र इथेनॉलचंही आहे आणि डायमिथिल ईथरचंही, अणू तेच, संख्या तीच, पण जोडणी वेगळी, इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं आणि डायमिथिल ईथर उणे २४ अंशालाच वायू होऊन जातो. म्हणून तिथल्या नावांना साखळी किती कार्बनची, फांदी कुठल्या क्रमांकाच्या कार्बनवर, हेही सांगावं लागतं, त्यासाठी १८९२ मध्ये जिनिव्हात रसायनतज्ज्ञांची वेगळी परिषदच भरली होती, आणि तो विषय खरंच एका वेगळ्या लेखाचा आहे.

तोवर हातात पेन्सिल घ्या आणि ही चार सोडवा: अमोनिअम फॉस्फेट, लेड(४) ऑक्साइड, आयर्न(३) सल्फेट, मॅग्नेशिअम नायट्राइड. शेवटच्यात शेपटी नीट वाचा, आइड आहे, ऑक्सिजन घालू नका, आणि नायट्राइडचा प्रभार वजा तीन. खालची ओळ हाताने झाकून आधी स्वतः लिहा.

(एनएच४)३ पीओ४, पीबी ओ२, एफई२(एसओ४)३, एमजी३ एन२. लेडला पीबी२ ओ४ आलं असेल तर हिशोब बरोबर केलाय, फक्त दोनने भागायचं राहिलंय.